नळीच्या तोंडाशी ठरणारा नेम

रायफलीच्या अचूकतेचा विषय निघाला की नेमबाजाची नजर, श्वासावरील ताबा आणि खटक्यावरील बोट यांचा विचार प्रथम होतो. परंतु गोळीची दिशा जेथे अखेरची ठरते ती जागा म्हणजे नळीचे तोंड असते, आणि या तोंडावर आट्यांनी बसवलेला बोटभर लांबीचा पोलादी तुकडा काढून पुन्हा लावला, तर रायफल, काडतुसे व नेमबाज तेच असूनही गोळ्या पूर्वीपेक्षा वेगळ्या ठिकाणी लागू शकतात. या तुकड्याला मझल ब्रेक म्हणतात. तो काढून पुन्हा बसवल्याने अचूकता बिघडते का, बिघडत असल्यास किती आणि का, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो, पण त्याचे उत्तर शोधताना अचूकता म्हणजे नेमके काय, याचाच उलगडा होत जातो.

या प्रश्नाचा संबंध शस्त्रांच्या जाणकारांपुरता मर्यादित नाही. हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा या गावी पोलीस ठाणे आहे, आणि एकेकाळी हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी असलेल्या हिंगोली शहरात आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या वापरात एसएलआर, इन्सास आणि एके-47 या प्रकारांच्या रायफली असतात, त्या शस्त्रागारात ठेवल्या जातात, बंदोबस्ताच्या वेळी वाटल्या जातात आणि साफसफाईसाठी उघडल्या जातात. हट्ट्यासारख्या गावात, जेथे रस्ता, घर आणि शेत एकमेकांना लागून असतात, तेथे शस्त्र चालवण्याची वेळ सहसा येऊ नये हेच इष्ट. पण ती आलीच, तर गोळी नेम धरलेल्या जागीच जाईल याची खात्री त्या शस्त्राच्या देखभालीतून आधीच मिळालेली असली पाहिजे.

ब्रेकचे काम

काडतुसातील दारू पेटली की तिचे रूपांतर अतिशय उष्ण व दाबयुक्त वायूंमध्ये होते आणि हे वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतात. गोळी पुढे जाताना रायफल मागे येते आणि तिचा दस्ता नेमबाजाच्या खांद्यावर आदळतो. यालाच धक्का किंवा रिकॉइल म्हणतात. गोळी बाहेर पडल्यानंतर तिच्या मागोमाग वायूही प्रचंड वेगाने बाहेर उसळतात आणि त्यांच्यामुळे धक्क्यात आणखी भर पडते. 7.62 मिलिमीटरच्या सैनिकी काडतुसात सुमारे साडेनऊ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे 840 मीटर वेगाने निघते, तर तिला ढकलणारी दारू सुमारे तीन ग्रॅम असते. ही दारू वजनाने गोळीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच असली, तरी तिचे वायू गोळीपेक्षा अधिक वेगाने बाहेर पडत असल्यामुळे एकूण धक्क्यातील साधारण तिसरा हिस्सा त्यांच्याकडून येतो.

मझल ब्रेक गोळीला हात लावत नाही; तो या वायूंनाच वळवतो. त्याच्या बाजूंना पाडलेल्या झरोक्यांतून वायू आडवे किंवा किंचित मागे फेकले जातात, झरोक्यांच्या भिंतींवर आदळताना ते रायफलीला पुढे ओढतात आणि धक्क्याचा काही भाग कमी होतो. नळीचे तोंड वर उचलले जाऊ नये म्हणून वायू वरच्या बाजूला सोडणाऱ्या साधनाला कॉम्पेन्सेटर म्हणतात, तर अंधारात दिसणारी ज्वाला विखुरून मंद करणाऱ्या साधनाला फ्लॅश हायडर म्हणतात. या तिन्ही साधनांचे उद्देश निराळे असले, तरी नळीच्या टोकाला वजन जोडणे आणि वायूंच्या वाटेत उभे राहणे या दोन गोष्टी तिन्हींत समान आहेत, आणि नेमावर होणारा परिणाम या दोन गोष्टींतूनच उद्भवतो.

नळी थरथरते, आणि टोकाचे वजन बदलते

पोलादी नळी डोळ्यांना ताठ दिसत असली, तरी बार उडताच तिच्यातून कंपनांच्या लहरी धावू लागतात आणि तिचे तोंड अत्यंत सूक्ष्म प्रमाणात वर-खाली व डावीकडे-उजवीकडे हलते. शाळेतील पट्टी टेबलाच्या कडेला दाबून तिचे मोकळे टोक टिचकीने हलवले तर ती ज्या गतीने थरथरते, ती गती त्या टोकावर खोडरबर चिकटवताच मंदावते. नळीच्या टोकावर ब्रेक बसवला किंवा काढला की नेमके हेच घडते. पुण्याच्या पाषाण येथील आयुध संशोधन आणि विकास आस्थापनेत विकसित झालेल्या इन्सास रायफलीची नळी 464 मिलिमीटर लांब असून तिची 5.56 मिलिमीटरची गोळी सेकंदाला सुमारे 900 मीटर वेगाने बाहेर पडते, म्हणजे गोळीला नळी पार करण्यास साधारण एक सहस्रांश सेकंद लागतो. या क्षणभराच्या अवधीच्या शेवटी नळीचे तोंड थरथरण्याच्या ज्या टप्प्यावर असेल, ती दिशा घेऊन गोळी निघून जाते. टोकाचे वजन बदलले की हा टप्पा बदलतो, आणि गोळ्या लागण्याची जागा सरकते.

हे सरकणे किती असू शकते, याची कल्पना साध्या हिशेबाने येते. इन्सासच्या नळीएवढी नळी मागच्या टोकाला घट्ट राहून सरळ कलली असे धरले आणि तिचे तोंड केवळ एक दशांश मिलिमीटर बाजूला गेले, तर 100 मीटरवर गोळी सुमारे दोन सेंटिमीटर आणि 300 मीटरवर सुमारे साडेसहा सेंटिमीटर दूर लागते. त्यामुळे ज्या रायफलीचा नेम ब्रेकसह जुळवलेला आहे, ती ब्रेक काढून चालवली तर गोळ्या दुसरीकडे जाणे हा दोष नसून अपेक्षित परिणाम आहे. खरा प्रश्न पुढचा आहे: तोच ब्रेक पुन्हा लावल्यावर गोळ्या आपल्या मूळ जागी परततात का?

परतणे बसवणीवर अवलंबून असते

या प्रश्नाचे उत्तर असे, की ब्रेक जर पूर्वीच्याच स्थितीत, पूर्वीच्याच घट्टपणाने आणि पूर्वीइतक्याच स्वच्छ पृष्ठभागावर बसला, तर गोळ्या बहुतांशी मूळ जागी परततात. यांपैकी एका गोष्टीतही फरक पडला, तर त्या परततीलच असे नाही. हे समजण्यासाठी ब्रेक नळीवर कसा टेकतो ते पाहावे लागते. नळीच्या टोकावर आटे पाडलेले असतात आणि आट्यांच्या मागे नळी थोडी जाड होऊन एक सपाट कडा तयार होते; या कडेला खांदा म्हणतात. आटे ब्रेकला धरून ठेवतात, पण त्याला सरळ ठेवण्याचे काम मुख्यतः खांदा करतो, म्हणून खांदा नळीच्या पोकळीशी अचूक काटकोनात असणे अत्यावश्यक ठरते.

ब्रेकचे झरोके दोन्ही बाजूंना सारखे यावेत म्हणून तो ठरावीक कोनात येऊन घट्ट व्हावा लागतो. यासाठी काही ठिकाणी चेपणारा वॉशर वापरतात, जो ब्रेक आवळला की दबतो आणि हवा तो कोन साधू देतो. हा वॉशर एकदा दबला की त्याची लवचीकता संपते, आणि तोच पुन्हा वापरला तर ब्रेक एका बाजूने अधिक टेकून किंचित तिरपा बसण्याचा संभव असतो. म्हणून अचूकतेच्या दृष्टीने सपाट चकत्या, म्हणजे शिम, अधिक विश्वासार्ह मानल्या जातात. 5.56 मिलिमीटरच्या अनेक रायफलींवर एका इंचात 28 आटे असतात, म्हणजे ब्रेकचा एक पूर्ण फेरा सुमारे 0.9 मिलिमीटरचा होतो. त्यामुळे पाव फेऱ्याचा फरक भरून काढण्यासाठी पाव मिलिमीटरपेक्षाही पातळ चकती पुरते, आणि ती दोन्ही बाजूंनी समांतर असल्यामुळे ब्रेक सरळ राहतो.

घट्टपणाचेही असेच आहे. हाताने अंदाजे आवळलेला ब्रेक एखाद्या वेळी सैल राहतो आणि काही गोळ्यांनंतर थरथरीने आणखी सुटतो, तर एखाद्या वेळी इतका आवळला जातो की पातळ नळीच्या टोकावर ताण येऊन पोकळीच्या मापावर सूक्ष्म परिणाम होऊ शकतो. ठरावीक जोर मोजणारा टॉर्क पाना वापरला, तर प्रत्येक वेळी ब्रेक तितकाच आवळला जातो. आट्यांवर आणि खांद्यावर साचलेली काजळी हा याहूनही सहज दुर्लक्षित होणारा भाग आहे. ती जागोजागी जाड-पातळ असल्यामुळे तिच्यावर टेकलेला ब्रेक मोजता न येणाऱ्या प्रमाणात तिरपा होतो.

तिरप्या ब्रेकचे दोन परिणाम

ब्रेकमधून गोळी जाण्याचे भोक गोळीच्या व्यासापेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर मोठे ठेवलेले असते, म्हणजे गोळीच्या प्रत्येक बाजूला केवळ पाव मिलिमीटर मोकळी जागा उरते. सहा सेंटिमीटर लांबीचा ब्रेक फक्त पाव अंशाने तिरपा झाला, तरी त्याच्या पुढच्या टोकाशी भोक सुमारे पाव मिलिमीटर सरकते, आणि ही सगळी मोकळी जागा संपते. गोळीने ब्रेकच्या कडेला स्पर्श केला तर ती डगमगत जाते आणि गोळ्यांचा फैलाव एकदम वाढतो. स्पर्श जोराचा असेल तर ब्रेक फुटून नेमबाजालाही इजा होऊ शकते. मोठ्या तोफांमध्येही हा धोका असतो: बोफोर्सच्या आराखड्यांवर आधारलेल्या 155 मिलिमीटरच्या धनुष तोफेच्या 2017 मधील पोखरण येथील चाचण्यांत गोळा मझल ब्रेकला लागण्याची घटना घडली होती.

दुसरा परिणाम स्पर्शाविना होतो. गोळी नळीबाहेर पडताना तिच्या मागील टोकाभोवती वायूंचा झोत क्षणभर तिच्याही पुढे धावतो, आणि हा झोत सर्व बाजूंनी सारखा असेल तर तो तिला बाजूला ढकलत नाही. ब्रेक तिरपा असेल, एका बाजूच्या झरोक्यात काजळी साठली असेल, किंवा नळीच्या तोंडाच्या कडेला, म्हणजे क्राऊनला, ब्रेक काढताना हत्याराचा ओरखडा पडला असेल, तर झोत एका बाजूला अधिक निसटतो आणि गोळीला तिरका रेटा देतो. क्राऊन ही नळीची सर्वांत नाजूक जागा असून ब्रेक लावलेला असताना ती झाकलेली असते. त्यामुळे ब्रेक काढल्यावर ती उघडी पडते आणि नळी तोंडाकडून साफ करणारी सळई तिच्यावर घासली गेल्यास नुकसान ब्रेकमुळे नव्हे तर साफसफाईमुळे होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

एके-47 च्या कुळातील 1959 च्या एकेएम रायफलीने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. तिच्या तोंडावरचा तिरका कापलेला कॉम्पेन्सेटर 14 मिलिमीटर व्यासाच्या उलट्या आट्यांवर बसतो आणि स्प्रिंगवरील एक खुंटी त्याच्या खाचेत अडकून त्याला फिरू देत नाही. साधनांशिवाय तो काढता येतो, आणि खुंटीमुळे त्याचा कोन दर वेळी तोच राहतो. मात्र खुंटी कोन राखते, घट्टपणा नव्हे, आणि हे सैल राहणारे जोडकाम सैनिकाच्या सोयीसाठी केलेले असल्यामुळे त्याच्याकडून काटेकोर पुनरावृत्तीची अपेक्षा करता येत नाही.

क्रीडा नेमबाजीतील धडा

महाराष्ट्राने जागतिक दर्जाचे रायफल नेमबाज घडवले आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिक येथे 50 मीटर प्रोन प्रकारात 600 पैकी 597 गुण मिळवून विश्वविजेतेपद पटकावले, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकले. या स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ केवळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार रायफलीवर मझल ब्रेक किंवा कॉम्पेन्सेटर लावण्यास बंदी आहे. तरीही नळीच्या टोकाचा प्रश्न या खेळाडूंनाही टळत नाही, कारण नियमांच्या मर्यादेत नळीवर वजने आणि पुढचा नेमदर्शक धरणारी वाढीव नळी लावता येते.

या खेळातील .22 बोअरची गोळी जेमतेम 2.6 ग्रॅम वजनाची असून सेकंदाला सुमारे 325 मीटर वेगाने जाते; लांब नळीतून बाहेर पडण्यास तिला इन्सासच्या गोळीच्या दुपटीहून अधिक वेळ लागत असल्यामुळे नळीच्या थरथरीला परिणाम करण्यास अधिक अवधी मिळतो. त्यामुळे जाणकार नेमबाज वजन पुढे-मागे सरकवून अशी स्थिती शोधतात, की नळीचे तोंड वर जात असतानाच गोळी बाहेर पडेल; तसे झाले तर मंद गोळी थोडी उशिरा, म्हणजे थोड्या वरच्या कोनातून निघते, आणि तिच्या मंदपणामुळे होणारी घसरण आपोआप भरून निघते. टोकाचे वजन हे अचूकतेचे शत्रू नसून नीट बसवल्यास तिचे साहाय्यकही असू शकते, हे यातून सिद्ध होते. आणि ज्यांनी अशी जागा शोधली ते त्या वजनाची स्थिती खुणेने किंवा मोजपट्टीने नोंदवून ठेवतात, कारण एकदा काढलेले वजन अंदाजाने पुन्हा लावल्यास शोधलेली जागा हरवते.

गटाचा आकार आणि गटाची जागा

ब्रेक काढून लावण्याच्या परिणामाची चर्चा अनेकदा अनिर्णित राहते, याचे कारण अचूकतेच्या दोन वेगळ्या बाबी एकत्र केल्या जातात. एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्या लक्ष्यावर किती जवळजवळ लागतात, म्हणजे त्यांचा गट किती आटोपशीर आहे, ही एक बाब. आणि त्या गटाचा मध्य नेम धरलेल्या बिंदूपासून किती दूर आहे, ही दुसरी. सरळ बसलेला ब्रेक पुन्हा लावल्यावर फरक पडलाच, तर बहुधा फक्त गटाची जागा बदलते, आणि नेमदर्शक फिरवून, म्हणजे झिरोइंग करून, ती दुरुस्त होते. गटाचा आकारच वाढला असेल, तर कारण ब्रेकच्या तिरपेपणात, सैलपणात, काजळीत किंवा क्राऊनच्या इजेत शोधावे लागते, आणि ते नेमदर्शक फिरवून जात नाही.

फरक खरा आहे की योगायोगाचा, हे ठरवण्यासाठी पुरेशा गोळ्या झाडाव्या लागतात. समजा, एखाद्या रायफलीच्या गोळ्या 100 मीटरवर आडव्या दिशेने सरासरीभोवती तीन सेंटिमीटरच्या प्रमाण विचलनाने विखुरतात. ब्रेक काढण्यापूर्वी तीन आणि लावल्यानंतर तीन गोळ्या झाडून दोन्ही गटांचे मध्य ताडून पाहिले, तर प्रत्यक्षात काहीही बदललेले नसतानाही त्या दोन मध्यांत केवळ योगायोगाने अडीच सेंटिमीटरच्या आसपास अंतर दिसणे अगदी साहजिक असते. दहा-दहा गोळ्यांनी हे योगायोगाचे अंतर साधारण 1.3 सेंटिमीटरवर येते आणि पंचवीस-पंचवीस गोळ्यांनी सेंटिमीटरच्या आत येते. तीन गोळ्यांवरून ब्रेकला दोषी किंवा निर्दोष ठरवणारा निष्कर्ष म्हणूनच टिकत नाही. काडतुसे एकाच उत्पादन-तुकडीतील असणे, दोन्ही वेळा नळी सारखीच तापलेली असणे आणि साफसफाईनंतर पहिल्या काही गोळ्या मोजणीतून वगळणे, या अटीही पाळाव्या लागतात.

माणसाच्या बाजूनेही एक परिणाम विचारात घ्यावा लागतो. ब्रेक धक्का कमी करतो, पण वायू बाजूला आणि मागे फेकत असल्यामुळे आवाज व दाबाचा झोत नेमबाजाकडे आणि त्याच्या शेजाऱ्याकडे वळवतो. रायफलीचा बार तसाही 140 डेसिबलची, म्हणजे क्षणिक आवाजाने कानाला कायमची इजा होण्याची धोकारेषा ओलांडतो, आणि ब्रेकमुळे तो अधिक कर्कश होतो. कानांना संरक्षण नसेल तर शरीर बार उडण्याआधीच आक्रसते, खटका झटक्याने दाबला जातो आणि गट विस्कटतो; या विस्कटण्याचे खापर ब्रेकच्या बसवणीवर फोडणे चुकीचे ठरते.

शस्त्रागारातील शिस्त

या सगळ्याचा निष्कर्ष असा, की ब्रेक काढल्याने अचूकता नष्ट होत नाही, पण ती तशीच राहिली आहे असे गृहीत धरण्याचा अधिकार मात्र संपतो. काम सुरू करण्यापूर्वी रायफल रिकामी आहे याची खात्री करणे, ब्रेक आणि नळी यांवर एकाच रेषेत बारीक खूण करणे, नळीला पकडीत धरताना तिच्यावर पीळ न येऊ देणे, आटे व खांदा काजळीपासून पूर्ण स्वच्छ करणे, चेपणारा वॉशर असल्यास नवा वापरणे, ठरलेल्या जोरानेच ब्रेक आवळणे, भोक नळीच्या मध्याशी जुळते का ते सरळ मापसळईने तपासणे, आणि अखेरीस लक्ष्यावर पुरेशा गोळ्या झाडून झिरो पडताळणे, एवढा क्रम पाळला तर संशयाला जागा उरत नाही. यांपैकी शेवटची पायरी इतर कोणत्याही पायरीने भरून निघत नाही, कारण खूण जुळली आणि जोर मोजला तरी गोळ्या कोठे लागतात हे केवळ लक्ष्यच सांगू शकते. परवानाधारक खाजगी व्यक्तीने असे काम परवानाप्राप्त शस्त्रदुरुस्ती कारागिराकडूनच करून घ्यावे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाने नळी आखूड करणे आणि शस्त्राचा प्रकार बदलणे यांवर निर्बंध घातलेले आहेत.

पोलीस दलात एकच रायफल वेगवेगळ्या जवानांच्या हाती जाते, आणि बंदोबस्तावर निघणाऱ्या शिपायाला ती महिन्याभरापूर्वी कोणी उघडली होती याची माहिती असेलच असे नाही. म्हणून प्रत्येक शस्त्राच्या क्रमांकासमोर ब्रेक किंवा फ्लॅश हायडर केव्हा काढला, कोणी लावला आणि त्यानंतर झिरो केव्हा पडताळला, या तीन नोंदी शस्त्रागाराच्या नोंदवहीत असणे आवश्यक आहे, आणि तिसरी नोंद कोरी असलेले शस्त्र कामगिरीवर देऊ नये. या नोंदीसाठी नवे यंत्र वा मोठा खर्च लागत नाही. लागतात ती गोळीबार सरावातील काही काडतुसे आणि कामाची सचोटी. रायफल चालवणाऱ्याच्या कौशल्याइतकीच ती सांभाळणाऱ्या आर्मररची ही सचोटी हट्ट्यातील नागरिकाच्या सुरक्षिततेचा आधार आहे, आणि तिला प्रशिक्षणात, वेळेत व सन्मानात योग्य स्थान मिळणे हे शासनाचे कर्तव्य आहे.